टायर बदलले, तरी गाडी तशीच? कंपनीचे टायर काढण्याआधी काय काय तपासायचं

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या गाडीत असेल तर पुढे वाचा.

1. वेग 80 च्या पुढे गेला की स्टेअरिंग थरथरतं. 60 ला गाडी लोण्यासारखी असते.
2. स्टेअरिंग शांत असतं, पण सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरतो.
3. हात जरा सैल सोडला की गाडी एका बाजूला ओढते.
4. चाकांतून 'घूंऽऽ' असा आवाज येतो. वेगाबरोबर वाढतो आणि गाडी न्यूट्रलला टाकली तरी जात नाही.
5. वीस-पंचवीस हजार किलोमीटरलाच टायर एका कडेनं खाल्लेला दिसतो.
6. पावसात ब्रेक दाबला की गाडी थांबण्याऐवजी सरकते.
7. फक्त ब्रेक दाबल्यावरच थरथर होते.

साताऱ्याजवळ हायवेला माझं अलायमेंट-बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकांचे कोन जुळवायचं आणि चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायचं दुकान आहे, सोळा वर्षं झाली. पहिल्या सहापैकी कुठलंही लक्षण असलेली गाडी घेऊन येणारा माणूस काच खाली करायच्या आधीच निकाल देतो : "कंपनीचे टायर बेकार आहेत हो, चारही काढा आणि चांगल्या ब्रँडचे टाका." सहाव्या लक्षणवाल्याचं हे म्हणणं बऱ्याचदा खरं निघतं. बाकीच्यांचं क्वचितच. मी टायर विकतोही, त्यामुळे हे लिहिणं म्हणजे स्वतःच्या गल्ल्यावर पाय देणं आहे. पण टायर टाकून आठव्या दिवशी तीच तक्रार घेऊन परत आलेलं गिऱ्हाईक मला जास्त महागात पडतं.

मागच्या वर्षी एक निवृत्त गुरुजी आले. शहरातून चार नवे भारी टायर टाकून आणलेले, जुने मोडीत घालून वर अठ्ठावीस हजार मोजलेले. तक्रार आवाजाची. आवाज जुन्या टायरलाही होता, नव्यांनाही तोच. मी शेजारी बसलो आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकी उजवीकडे झुलवायला सांगितली. आवाज वाढला. डावीकडे झुलवली, आवाज दबला. डाव्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलेलं होतं. बेअरिंग आणि मजुरी धरून अडीच हजारांत काम झालं. गुरुजी म्हणाले, "म्हणजे मी अठ्ठावीस हजारांचं उत्तर आधी लिहिलं आणि प्रश्न नंतर वाचला."

तर प्रश्न आधी वाचू. फुकटातल्या तपासणीपासून सुरुवात करायची आणि उत्तर सापडलं की तिथेच थांबायचं. पुढच्या पायरीचे पैसे वाचतात.

पहिली तपासणी : हवा

हसू नका. ओढणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी माझ्याकडे फक्त हवा सारखी केल्यावर सरळ झाल्यात. पुढच्या डाव्या-उजव्या चाकांत चार-पाच पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) फरक असला तर कमी हवेचं चाक जड फिरतं आणि गाडी त्या बाजूला जाते. एवढं साधं आहे.

आकडा कुठला धरायचा? ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर स्टिकर असतो, काही गाड्यांना पेट्रोलच्या झाकणामागे. तोच. टायरच्या अंगावर कोरलेला हवेचा आकडा म्हणजे तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल ते. रोज तेवढी भरायची नसते. तरी "लांब जायचंय, चाळीस भरा" म्हणणारे दर शनिवारी येतात. जास्त हवेनं टायर मधोमध झिजतो, खड्डा थेट कमरेत येतो आणि ओल्या रस्त्यावर टायरचं जमिनीशी नातं कमी होतं. कमी हवेनं दोन्ही कडा झिजतात आणि टायर तापतो. उन्हाळ्यात हायवेला फुटलेल्या टायरांमध्ये हवा कमी असलेले जास्त, भरलेले कमी.

हवा थंड टायरला मोजायची. सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना. पुण्याहून तासभर आल्यावर मोजाल तर चार-पाच पीएसआय जास्तच दिसेल. ती काढून टाकू नका, गाडी थंड झाली की टायर कमी हवेचा होईल. पंपावरच्या मीटरवर माझा विश्वास नाही. तीन-चारशे रुपयांचा स्वतःचा गेज गाडीत ठेवा. नायट्रोजनचं विचारलंत तर आपल्या साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन आहे. फुकट मिळाला तर घ्या, त्यासाठी वाट वाकडी करू नका.

महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय उतरणं चालतं. आठवड्यात चार-पाच उतरत असेल तर साबणाचं पाणी घ्या आणि व्हॉल्व्हवर, रिमच्या कडेला आणि नक्षीवर सोडा. बुडबुडे जागा दाखवतात.

दुसरी तपासणी : डोळे आणि तळहात

स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवा म्हणजे पुढच्या टायरची आतली कड दिसेल. गाडी उभी असताना बाहेरची कड छान दिसते आणि माणूस फसतो. आतून मात्र तार निघालेली असते.

आता तळहात नक्षीवरून आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो बिघडलाय. म्हणजे चाकं सरळ न धावता किंचित तिरकी घासत चाललीत. एकच कड सपाट झाली असेल तर कॅम्बर (समोरून बघताना चाक आत-बाहेर किती कललंय ते) किंवा टो. जागोजागी वाटीसारखे खळगे लागले तर शॉकअप थकलेत किंवा बॅलन्सिंग कित्येक महिने झालेलं नाही. हे खळगे हुबेहूब बेअरिंगसारखा आवाज करतात. टायर खोटं बोलत नाही. गाडी आतापर्यंत कशी चाललीय ते त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. अशा गाडीला थेट नवा टायर घातला तर तोही वर्षभरात तसाच खाल्ला जातो आणि मग नव्या ब्रँडलाही शिव्या बसतात.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, कायद्यानं टायर संपला. मी पावसाळ्याच्या तोंडावर तीन मिलिमीटरलाच बदला म्हणतो, कारण पाणी बाहेर फेकायचं काम खाचाच करतात.

टायरचं वयही बघा. अंगावर डीओटी अक्षरांची ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे वाचा. 1522 म्हणजे 2022 सालचा पंधरावा आठवडा. बऱ्याच टायरना हे चार आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत गेलेली असते. मोबाइलचा टॉर्च लावून खाली वाका.

तिसरी तपासणी : रिमच्या आतला चिखल

माझी सगळ्यात आवडती तपासणी. खर्च एक बादली पाणी.

आमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्या शेतातली माती रस्त्यावर आणतात. वर पाणी पडलं की काला होतो. तो रिमच्या आतल्या बाजूला चिकटून वाळतो आणि विटेसारखा कडक होतो. एका कारचं चाक बॅलन्सिंगच्या मशिनवर चढवलं तर काटा आतल्या बाजूला 55 ग्रॅम दाखवत होता. रिममध्ये हात घातला, बोटभर जाडीचा थर लागला. पान्यानं टोकरून तो ढेकळासकट खाली पाडला, चाक धुतलं, पुन्हा फिरवलं. दहा ग्रॅम. मालक टायर घ्यायला आले होते, साठ रुपये देऊन गेले.

त्याच वेळी रिमवर पूर्वी लावलेली शिशाची किंवा जस्ताची वजनं जागेवर आहेत का बघा. अलॉयवर चिकटपट्टीची वजनं असतात. प्रेशर वॉशरच्या माऱ्यात ती उडतात, तिथे गोंदाचा चौकोनी डाग तेवढा राहतो. असा रिकामा डाग दिसला तर थरथरीचं कारण जवळपास सापडलं म्हणा.

आणि गाडी महिनाभर एकाच जागी उभी होती का? टायरचा खालचा भाग चपटा बसतो, पहिले काही किलोमीटर धडधड होते. पंधरा-वीस किलोमीटर चालवा, बहुतेक वेळा आपोआप जाते. 2020 च्या लॉकडाउननंतर ही एकच तक्रार घेऊन रांग लागली होती.

चौथी तपासणी : चाकांची अदलाबदल

जॅक, पाना आणि अर्धा तास. गाडी ओढत असेल तर पुढची दोन चाकं एकमेकांच्या जागी लावा आणि त्याच रस्त्यावर पुन्हा चालवा. ओढ आता उलट दिशेला गेली, तर दोष टायरचाच. काही टायर बनतानाच किंचित शंकूसारखे होतात, एका कडेचा घेर दुसरीपेक्षा सूतभर कमी असतो. चहाचा कागदी कप जमिनीवर आडवा ढकलला की कसा गोल वळतो, तसं ते चाक गाडीला वळवत राहतं. असा टायर बाहेरून एकदम निर्दोष दिसतो, बॅलन्सिंगमध्येही पास होतो. म्हणून हीच तपासणी खरी. ओढ मात्र त्याच बाजूला राहिली, तर टायर निर्दोष. अलायमेंट, अडकलेला ब्रेक किंवा आर्मचा बुश (चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचा रबरी सांधा) बघायचा.

आपले रस्ते पाणी निघून जावं म्हणून डावीकडे उतरते केलेले असतात. त्यामुळे हलकीशी डावी ओढ हा दोष नाही. सपाट जागी बघा, तीही एकदा जाताना आणि एकदा येताना.

आवाज असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करा. आवाजाची जागा बदलली तर टायर. जागेवरच राहिला तर बेअरिंग. आणि काँक्रीटवर कुठलाही टायर डांबरापेक्षा जास्त गुणगुणतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला किंवा समृद्धीला आलेला आवाज गावच्या डांबरी रस्त्यावर गायब होत असेल तर तुमच्या गाडीला काही झालेलं नाही.

टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असेल तर डावी-उजवी अदलाबदल करू नका. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, उचलायच्या चाकाच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावून मगच उचला. अंग गाडीखाली घालायचं नाही. नट एकाआड एक आवळा आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना फिरवा.

पाचवी : बॅलन्सिंग

इथून पैसे सुरू. आमच्याकडे चाकामागे साठ रुपये, वजनं वेगळी. स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं, सीट थरथरत असेल तर मागची. थरथर साधारण 80 ते 110 मध्येच का येते? चाकावरचे वीस-तीस ग्रॅम त्या वेगाला सेकंदात दहा-पंधरा वेळा ठोसा मारतात आणि गाडीच्या चाकांची आणि सस्पेन्शनची स्वतःची लय त्या सुमारास असते. पाळण्याला नेमक्या वेळी दिलेला हलका धक्काही पुरतो.

दुकानात उभं राहून तीन गोष्टी बघा. चाक चढवण्याआधी रिम पुसली का. वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवून शून्य दाखवलं का. आणि चाक फिरत असताना टायर वरखाली उड्या मारतोय का. वजन शून्य असूनही टायर उडी मारत असेल तर तो गोल नाही किंवा रिम वाकलीय. वजनं लावून ते झाकता येत नाही. फार वजन लागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा, बऱ्याचदा निम्म्यावर येतं. बाहेरून घेतलेली अलॉय असेल तर मधलं भोक हबपेक्षा (गाडीचा ज्या गोल भागावर चाक बसतं तो) मोठं नाही ना बघा. मोठं असेल तर रिंग लागते, नाहीतर चाक कधीच मधोमध बसत नाही.

सहावी : अलायमेंट

आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. नुसता "झालं" चालणार नाही. आपल्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढचा टो तेवढा फिरवून जुळवता येतो, कॅम्बर येत नाही. प्रिंटवर कॅम्बर लाल, म्हणजे मर्यादेबाहेर असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय, ते दुरुस्त झाल्याशिवाय अलायमेंटचे पैसे पाण्यात. "सगळं हिरवं करून देतो" म्हणणाऱ्याला कसं करणार ते विचारा. ढिल्या बुशवर केलेली अलायमेंट पहिल्या खड्ड्याला बदलते.

इतकं करूनही लक्षण राहिलं, तर माझं काम संपतं आणि मेकॅनिकचं सुरू होतं. बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड, शॉकअप हे घरी जॅकवर करायचे उद्योग नाहीत. सातवं लक्षण, म्हणजे ब्रेकवरच थरथरणं, बहुतेक ब्रेक डिस्कचं असतं. टायरवाल्यानं एअर गननं नट बेसुमार आवळले तरी डिस्कला पीळ बसतो, म्हणून शेवटचा आवळा हातानं, टॉर्क पान्यानं (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायचा पाना) द्यायला सांगा. आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

मग कंपनीचा टायर खरंच दोषी कधी?

गाडी बनवणारा टायर निवडतो तेव्हा त्याच्यापुढे किंमत, वजन, आवाज आणि मायलेज असतं. मायलेजसाठी टायर सहज घरंगळणारा हवा. असा टायर ओल्या रस्त्याला चिकटून धरण्यात बऱ्याचदा कमी पडतो, दोन्ही एकत्र साधायचं तर महाग रबर लागतं. त्यामुळे हवा बरोबर, नक्षी भरपूर, ब्रेक नीट आणि तरीही खंबाटकी घाटात पहिल्या पावसाला गाडी सरकत असेल, तर खुशाल चांगले टायर घ्या. तो खर्च वाया जात नाही. टायर सहा वर्षांचा होऊन कडक झाला असेल, अंगावर बारीक चिरा असतील, तर नक्षी कितीही असो, बदला. आणि शंकूचा दोष चौथ्या तपासणीत पकडलात तर आधी वॉरंटी मागा. टायरची वॉरंटी गाडीच्या कंपनीची नसते, टायर कंपनीची असते. शोरूममध्ये भांडून उपयोग नाही. टायर कंपनीच्या डीलरकडे गाडीचं बिल आणि टायरचा क्रमांक घेऊन जा. झिजलेल्या नक्षीच्या हिशेबात पैसे कापून नवा देतात. खड्ड्यानं आलेला फुगा साध्या वॉरंटीत बसत नाही.

कुठला ब्रँड, हे मला दिवसातून दहा वेळा विचारतात. माझं उत्तर एकच : ब्रँडआधी त्यातलं मॉडेल बघा. एकाच कंपनीचा मायलेजवाला टायर आणि आरामवाला टायर ही दोन वेगळी जनावरं आहेत. घाटात पावसाचं जाणं-येणं असेल तर ओल्या पकडीचा घ्या, दिवसाला शंभर किलोमीटर टॅक्सी चालवत असाल तर टिकाऊ. दुकानदाराला भाव विचारण्याआधी उत्पादनाचा आठवडा विचारा. वर्षापेक्षा जुना माल मी स्वतः घेत नाही.

साइज बदलायचा मोह आवरा. 185/65 आर15 म्हणजे रुंदी 185 मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, रिम 15 इंची. त्याचा पूर्ण व्यास सुमारे 621 मिलिमीटर. 195/65 घातला की 634 होतो, म्हणजे दोन टक्के मोठा. मीटर शंभर दाखवेल तेव्हा गाडी 102 ला असेल, वर पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. रुंद हवाच असेल तर तुमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी काय देते ते बघा. 165/80 आर14, 185/65 आर15 आणि 195/55 आर16 हे तिन्ही व्यास एकमेकांच्या दोन मिलिमीटरच्या आत आहेत. कंपन्या तो हिशेब करूनच देतात. साइजनंतरचा '88 एच'सारखा आकडाही जुन्यापेक्षा कमी नको. 88 म्हणजे एका टायरवर 560 किलो, एच म्हणजे ताशी 210.

दोनच टायर घेणार असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढचं चाक घसरलं तर स्टेअरिंगनं सावरता येतं, मागचं घसरलं की गाडी गरकन फिरते. लोक माझ्याशी यावर नेहमी भांडतात, मी मागेच लावतो. रबरी व्हॉल्व्ह टायरबरोबर नवे घ्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवा, नव्या टायरवर साच्याचा गुळगुळीतपणा असतो. मायलेज थोडं उतरेल, ती पकडीची किंमत. तेवढ्यावरून टायर बिघडला म्हणून परत येऊ नका.

आता हे दिसलं तर वरचं काही करत बसू नका, गाडी तिथेच थांबवा : टायरच्या अंगावर फुगा, बाहेर आलेली तार, बाजूच्या भिंतीत खिळा (तिथलं पंक्चर काढत नाहीत, "काढून देतो" म्हणणाऱ्याला नाही म्हणा), चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवल्यावर खटखट, किंवा काल नसलेली थरथर आज एकदम. शेवटच्यात आधी नट बघा, ढिले असतील तर आवळा. नट घट्ट असूनही थरथर असेल तर स्टेपनी लावून हळू जवळच्या गॅरेजला. स्टेपनी बारीकवाली असेल तर तिच्यावरच 80 ची मर्यादा छापलेली असते. खटखट असेल तर स्टेपनीचा उपयोग नाही, गाडी ओढून नेणारी व्हॅन बोलवा.